सतरा काठ्यांची टीपी

"लाकूड कशासाठी पाहिजे?" वनपालसाहेबांनी विचारलं.

"टीपीसाठी," दाजी म्हणाले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "टी.पी. मी देतो. लाकूड कुठं आहे?"

"लाकूड नाही, म्हणून तर आलोय."

"लाकूड नाही तर टी.पी. कशाला?"

"टीपी आहे माझ्याकडं. फक्त लाकूड नाही."

"टी.पी. आहे? कुणी दिला?"

"सिनेमावाल्यांनी."

मी दाजींच्या शर्टाची बाही ओढली, पण ते रंगात आले होते. जंगलातला माल रस्त्यानं न्यायचा तर खात्याचा परवाना लागतो आणि त्या परवान्याला सगळे टी.पी. म्हणतात, हे मला गिरणीवर बसून बसून माहीत झालं होतं. दाजींना ते माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी जगात एकच टीपी होती आणि ती त्यांच्या माळ्यावर घडी घालून ठेवलेली होती.

"दाखवा बघू तो टी.पी.," साहेब म्हणाले.

"इथं कशी दाखवू? घरी आहे. दोन माणसांना उचलत नाही, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि गार्डला आत बोलावलं. आम्हाला बाकावर बसवण्यात आलं. सिनेमावाले कोण, त्यांनी आजवर कुणाकुणाला परवाने दिले, शिक्का कसला होता, असलं सगळं विचारून झालं. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा दाजींनी गार्डचं पेन मागून घेतलं आणि एका कागदाच्या पाठीमागं चित्र काढलं. खाली गोल, वर निमुळतं, शेंड्याला बाहेर आलेल्या काठ्या. साहेबांनी ते उलटं-सुलटं करून बघितलं.

"हा तंबू आहे," ते म्हणाले.

"टीपी म्हणतात त्याला."

"तंबू म्हणा. ह्या ऑफिसात टी.पी. म्हणजे टी.पी."

मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की जंगलातली काठी तोडायला परवानगी लागते, ती मिळणार नाही. समजा मिळाली तरी काठी घरी न्यायला टी.पी. लागतो. दाजींनी मान डोलावली. म्हणाले, "म्हणजे टीपीसाठी लाकूड पाहिजे आणि लाकडासाठी टी.पी. पाहिजे." साहेब म्हणाले, आता बरोबर कळलं तुम्हाला. येताना एस.टी.त दाजी इतके खुशीत होते, की मला वाटलं ह्यांना काठ्या मिळाल्या असाव्यात आणि मला तेवढं ऐकू आलं नसावं.

ह्याला आता तीस वर्षं होऊन गेली. मी सर्जेराव. बहिणीच्या गावात, देवखोलला, पिठाची गिरणी घालून पोट भरायला आलेला माणूस. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, हौसाक्काचे, मालक. रंगराव तोडकर. बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते आणि बत्तीस वर्षांत त्यांनी एकही फेरी अर्ध्यावर सोडली नाही. काम तडीला न्यायचा सगळा साठा त्यांनी बहुतेक तिथंच संपवला. कारण घरी त्यांनी हातात घेतलेलं एकही काम तडीला गेलं नव्हतं. विहीर खणायला घेतली, ती पुरुषभर खोल गेल्यावर थांबली. गोठ्याला तीन भिंती झाल्या. संडासाचं भांडं बसवून झालं, भिंती मात्र उभ्या राहिल्या नाहीत. त्यावर गावानं काय काय बोलून घेतलं ते मी इथं सांगत नाही.

शेवटी त्यांनी स्वयंपाकघराचं दार रुंद करायला काढलं. दार अंगणात दीड वर्ष पडून राहिलं. एका दुपारी शेजारची म्हैस सरळ आत गेली आणि चुलीवरचं पिठलं चाटूनपुसून बाहेर आली. आक्कानं पातेलं घासून पालथं घातलं, लुगडी पिशवीत भरली आणि सांगलीला लेकाकडं निघाली. जाताना गिरणीत आली. मी पट्टा काढला, गिरणी बंद झाली, तेव्हा म्हणाली, "तुझ्या दाजींना सांग. चौतीस वर्षं अर्ध्यामुर्ध्यात नांदले. पुरं झालेलं एक काम ह्या डोळ्यांना दिसलं तर परत येईन. नाहीतर माझी सून चांगली आहे."

सून चांगली आहे, हे तिनं असं सांगितलं की मी पट्टा परत चढवायचा विसरलो.

सात महिने झाले तरी ती आली नाही. दाजी रोज संध्याकाळी गिरणीत येऊन बसायचे. भाकरी फुगत नाही म्हणायचे. घरात आपलाच खोकला आपल्याला ऐकू येतो म्हणायचे. एकदा ते माझ्यासमोर रडले, ते सुद्धा गिरणी चालू असताना, आवाज येऊ नये म्हणून. मला त्यांची फार दया आली. मी म्हटलं, दाजी, दार बसवा की. दोन तासांचं काम आहे, मी येतो हाताखाली.

"दार काय कुणीही बसवतं," दाजी म्हणाले. "आणि ते बसवलं तरी ती म्हणणार, दोन वर्षांनी बसलं. जुन्या कामाला उशिराचा डाग असतो, सर्जेराव. नवं पाहिजे. पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात केलेलं."

आणि मग त्यांना माळ्यावरच्या कापडाची आठवण झाली. आदल्या साली आमच्या माळावर कसल्याशा सिनेमाच्या गाण्याचं शूटिंग झालं होतं. अंगाला पिसं लावलेली माणसं चार दिवस नाचली आणि निघून गेली. त्यांनी तंबूचे लोखंडी पाइप नेले आणि जाडजूड कापड उंदरांनी कुरतडलं म्हणून टाकून दिलं. दाजींनी ते उचलून आणलं, कुरतडलेलं स्वतः शिवलं. त्या लोकांतल्या एकानं त्यांना सांगितलं होतं की ह्याला टीपी म्हणतात, परमुलुखातली माणसं ह्यात संसार करायची आणि पाइपांच्या जागी खरं तर सरळ लाकडी काठ्या लागतात. सतरा.

"घर आहे ते, सर्जेराव," दाजी मला म्हणाले. "एका दिवसात पुरं होणारं घर. त्याला दारसुद्धा कापडाचंच असतं. बसवावं लागत नाही."

त्यांनी आक्काला कार्ड टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं: पाडव्याला सकाळच्या गाडीनं येते, बघून अडीचच्या गाडीचं काय ते ठरवते. दाजींनी ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले, की साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे, हौसानं दिवससुद्धा बघून निवडला. हातात सव्वा महिना होता.

आता तुम्ही म्हणाल, खेडेगावात सतरा काठ्यांना काय तोटा. एरवी नसताच. पण त्या वर्षी नेमका कळक, म्हणजे आमच्याकडचा बांबू, फुलला होता. कळकाचं बेट चाळीसेक वर्षांनी एकदा फुलतं आणि फुललं की मुळापासून वाळून जातं. ओढ्याकाठची सगळी बेटं भुरकट पडून उभी होती. दाजींनी त्यातली एक काठी तोडून गुडघ्यावर टेकवली, तर पापडासारखी मोडली. निलगिरी होती ती सगळी सरकारी हद्दीत, आणि सरकारी हद्दीत आमचं काय झालं ते सांगितलंच आहे.

मग दाजी गावात फिरायला लागले. एक डोळा मिटायचा आणि दिसेल त्या लाकडाकडं दुसऱ्यानं नेम धरून बघायचं, सरळ आहे का. बाभळी वाकड्या, सुबाभळी वाकड्या, कुणाच्या छपराचा वासा वाकडा. जे काही सरळ होतं ते आधीच कामाला लागलेलं होतं. पंचायतीच्या झेंड्याची काठी सरळ होती. देवाच्या पालखीचा दांडा सरळ होता, आणि त्याच्याकडं दाजींनी एवढा वेळ नेम धरला की गुरवानं पालखी उचलून गाभाऱ्याच्या आत नेऊन ठेवली.

सरसूकाकूच्या वळचणीला मात्र त्यांना हवी ती काठी दिसली. सरसूकाकू म्हणजे देवळामागं एकटी राहणारी म्हातारी. तिच्या पाख्याखाली दोन खुंट्यांवर कळकाची काठी आडवी ठेवलेली, अकरा हात लांब, चुलीच्या धुरानं तपकिरी झालेली आणि सुतासारखी सरळ.

दाजींनी ती मागितली. म्हातारीनं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. हौसा गेल्यापासून बाप्याची कॉलर कशी झालीय ते तिनं बघितलं असावं.

"वर्षातून एक दिवस लागते मला," ती म्हणाली. "एरवी पडूनच असते. आमच्या मालकांनी तोडलेली आहे, जपून वापर."

"त्या दिवशी बिनघोर घेऊन जा," दाजी म्हणाले.

आणि मग दाजींच्या लक्षात आलं की असली एक काठी तर गावात घरटी आहे. ह्याच्या माळ्यावर, त्याच्या वळचणीला. जुनी, मुरलेली, लांब, सरळ. आम्ही दोघं घरोघर गेलो. लोक टिंगल करायचे, पण हौसाक्का परत यावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. ती गावाची लाडकी होती आणि तिच्या हातचं लोणचं सात महिने कुणी खाल्लं नव्हतं. एकानंही नाही म्हटलं नाही. प्रत्येकानं तेवढंच सांगितलं की वर्षाचा एक दिवस आम्हाला लागेल, आणि दाजी प्रत्येकाला म्हणाले की अवश्य न्या. कुठला दिवस, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. पंधरा काठ्या लोकांच्या झाल्या, सोळावी मी माझ्या घरची दिली आणि सतरावी दाजींच्या स्वतःच्या घरची होती.

काठ्या अंगणात आल्यापासून दाजी बदलले. मी बघत होतो म्हणून सांगतो. त्यांनी विटा मांडून त्यावर काठ्या आडव्या ठेवल्या, म्हणजे वाळवी लागायला नको. पेरांची खरखर काचेच्या तुकड्यानं घासून काढली, नाहीतर कापड फाटतं. जी काठी जराशी कलली होती तिला निखाऱ्यावर शेकून, ओलं फडकं गुंडाळून, दगडाखाली दाबून सरळ केली. मग करंजेल चोळलं. एक हात आज, एक हात चार दिवसांनी, एक हात आणखी चार दिवसांनी. बुडख्यांना डांबर. आणि रोज सकाळी उठून सतराच्या सतरा काठ्या थोड्या थोड्या फिरवून ठेवायचे. एकाच कुशीवर राहिली तर बाक धरते म्हणायचे. प्रत्येक काठीला सुतळीनं चिठ्ठी बांधली होती, त्यावर मालकाचं नाव. मी विनोदानं म्हटलं, आक्काची एवढी निगा राखली असती तर ती गेली नसती. दाजी तेल चोळत होते ते थांबले. म्हणाले, "खरं आहे."

पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही टीपी उभी केली. आधी तीन काठ्या जमिनीवर एकत्र बांधून उभ्या केल्या, त्यांच्या बेचक्यात बाकीच्या टेकवल्या, दोरी फिरवून आवळली आणि शेवटच्या काठीला कापड बांधून वर चढवलं. दोन काठ्या बाहेरून, धुराच्या भोकाचे पदर धरायला. चार वेळा पडली. पाचव्या वेळी उभी राहिली, आणि काय सांगू तुम्हाला, चांगली दिसत होती. आम्ही आत जाऊन बसलो. वर भोकातून आभाळाचा तुकडा दिसत होता. दाजी हळूच म्हणाले, "झालं की हो पुरं." स्वतःलाच खरं वाटत नव्हतं त्यांना. मी म्हटलं, झालं. उद्या अकरापर्यंत वारा सुटला नाही म्हणजे जिंकलं.

वाऱ्याचं काही भय नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

पाडव्याला दिवस उगवायच्या सुमाराला मी अंघोळ करून दाजींच्या अंगणात पोचलो तर सरसूकाकू तिथं उभी. धुतलेलं लुगडं, हातात हळदकुंकवाचं ताट.

"रंगा, काठी दे," ती म्हणाली. "गुढी उभारायची आहे."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. माझ्या डोक्यात जे काय उजाडलं ते सांगायला शब्द नाहीत. आमच्या देवखोलात गुढी घराच्या आढ्याच्या वर दिसली पाहिजे, ही रीत आहे. म्हणून तर घरोघर अकरा हाताच्या काठ्या. वर्षातला तो एक दिवस. गावात नवा कळक नाही, म्हणजे ज्याची त्याला तीच काठी पाहिजे. दाजींच्या मनात पाडवा म्हणजे हौसा येणार तो दिवस, एवढाच उरला होता. माझं काय झालं होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी स्वतः वीस वर्षं दर पाडव्याला तीच काठी उभी करत आलो होतो.

काकूच्या मागं शिवा लोहार आला. त्याच्या मागं पोस्टमनची आई. चौथी माझी बायको. "आपली काठी द्या," ती मला म्हणाली, "तांब्या घासून ठेवलाय." मी तिला बाजूला घेऊन समजावायला गेलो तर म्हणाली, एक काठी गेल्यानं काय होतंय, सोळा राहतील की. प्रत्येकाचं तेच म्हणणं होतं. दुसऱ्यानं थोडं थांबावं, आपली तेवढी एक द्यावी. फाटकापाशी रांग लागली.

मी हात जोडून सगळ्यांना म्हटलं, अहो, अकरा वाजेपर्यंत थांबा. आक्का येईल, एकदा बघेल, मग न्या. अकराला गुढी उभारली तर काही आभाळ कोसळत नाही. दोघेतिघे विचारात पडले. थांबलेही असते. पण दाजी मध्ये आले.

"थांबवू नका त्यांना, सर्जेराव," ते म्हणाले. "आपण मागायला गेलो तेव्हा कुणी उद्या या म्हटलं नाही."

"दाजी, पण आक्का."

"मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

मग त्यांनी धोतराचा काचा मारला आणि स्वतःच्या हातानं काठ्या काढायला सुरुवात केली. आधी धुराच्या पदरांच्या दोन. मग आतल्या, एकाआड एक, म्हणजे कापड एकदम बसू नये. काढलेली काठी धोतराच्या सोग्यानं पुसायची, चिठ्ठी वाचायची आणि माणसाच्या हातात द्यायची. दहा उरल्या तोवर टीपी टीपीसारखी दिसत होती. सात उरल्यावर तिनं कंबर सोडली. तीन उरल्यावर ती दोरीवर वाळत टाकलेल्या गोधडीसारखी झाली.

त्या तीन काठ्या एकत्र बांधलेल्या होत्या. त्यात एक सरसूकाकूची होती, आणि म्हातारी पहिली आलेली असून गर्दीत मागं राहिली होती. दाजींनी गाठ सोडली. काकूची काठी हातात घेतली, तर तिसऱ्या पेरापासून वर वीतभर चीर गेलेली. दोरी फार आवळली होती आम्ही. काकूनं चिरेवरून बोट फिरवलं. तिच्या मालकांनी तोडलेली काठी होती ती.

दाजींनी उरलेल्या दोनातली एक लोहाराच्या भावाला दिली. दुसरी, शेवटची, त्यांच्या स्वतःच्या घरची होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी काकूपुढं धरली. म्हणाले, "ही घे काकू. आजपासून तुझी." काकू म्हणाली, मग तुझ्या घराला काय? दाजी म्हणाले, माझ्या घराला गुढी उभारणारं कोण आहे? तिनं काठी घेतली आणि गेली. दाजी कापडाच्या ढिगाऱ्याशेजारी दगडावर बसले. नऊ वाजले होते.

अकराला मी एकटाच स्टँडवर गेलो. वाटेत तीन खोट्या गोष्टी तयार केल्या होत्या. त्यातली बरी म्हणजे वादळाची, पण आभाळ स्वच्छ होतं. आक्का एका लहान पिशवीनिशी उतरली. पहिलं वाक्य काय, तर अडीचची गाडी वेळेवर असते ना रे. मी हो म्हटलं.

गावातून चालताना ती घराघरावर बघत होती. गुढ्या उभ्या होत्या, आणि खरं सांगतो, त्या वर्षासारख्या गुढ्या मी देवखोलात परत बघितल्या नाहीत. एकीला बाक नाही.

"यंदा काठ्या चकाकतायत कशा?" तिनं विचारलं.

"तेल चोळलंय."

"कुणी?"

"दाजींनी."

"सगळ्या गावाच्या काठ्यांना?"

मी तिची पिशवी घ्यायला हात पुढं केला. तिनं ती दिली नाही.

अंगणात आलो तर दाजी उठून उभे राहिले. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, डोळे लाल. आक्कानं पिशवी खाली ठेवली नाही. कापडाच्या ढिगाऱ्याकडं बघितलं.

"हे काय आहे?"

"टीपी," दाजी म्हणाले.

"पुरं झालंय हे?"

मी मागून खुणा करत होतो, की वादळ म्हणा. दाजींनी माझ्याकडं बघितलंच नाही.

"काल झालं होतं. आज नाही. लोकांच्या काठ्या होत्या, गुढीला लागल्या, देऊन टाकल्या. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, आलं नाही. अडीचच्या गाडीला मी सोडायला येतो तुला. तिथवर तरी येऊ दे."

आक्कानं वाकून कापडाचा शिवलेला कोपरा उचलून बघितला. मग तिनं विचारलं, "किती काठ्या आणल्या होत्या?"

"सोळा. आणि आपली एक."

"दिल्या किती?"

"सोळाच्या सोळा. सरसूकाकूची चिरली, तिला आपली दिली."

"चिरलेली कुठं आहे?"

"तीपण तिच्याकडंच पोचवली. तिच्या मालकांची आहे."

"म्हणजे कुणाची एकही राहिली नाही तुमच्याकडं?"

"एकही नाही."

"कुणाची दोरी, सुतळी काही?"

"काही नाही, हौसा. सगळं ज्याचं त्याला गेलं."

आक्कानं पिशवी खाली ठेवली. "मग हे एक काम पुरं झालं म्हणायचं," ती म्हणाली, आणि पदर खोचून आत गेली.

दाजींना ते समजायला वेळ लागला. मलाही लागला. ते मला खालच्या आवाजात विचारत होते की नक्की काय म्हणाली ती. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला तेव्हा त्यांनी तिची पिशवी उचलून ओसरीवर नेली. त्या वर्षी त्यांच्या घरावर गुढी नव्हती. आक्कानं पाट मांडून त्यावर तांब्या पालथा घातला, खण गुंडाळला आणि तिथंच पूजा केली. अडीचची गाडी हॉर्न वाजवत गेली. दाजींनी ती लांब जाईपर्यंत कान देऊन ऐकली आणि मग कुठं पुरणपोळीला हात लावला.

इथं संपायला पाहिजे होतं. पण गुढी दिवस मावळायच्या आत उतरवतात. पाच-साडेपाचला मी आणि दाजी ओसरीवर पान खात बसलो होतो, तर रस्त्यानं शिवा लोहार काठी घेऊन येताना दिसला. त्याच्या मागं त्याचा भाऊ, पोस्टमनची आई, आणि बघता बघता अख्खी रांग. सकाळी काठ्या नेल्याचं सगळ्यांना वाईट वाटलं होतं. हळदकुंकू लागलेल्या काठ्या खांद्यावर घेऊन ते आले होते आणि म्हणत होते, रंगराव, घ्या आता, वर्षभर आम्हाला काम नाही. उभी करा तुमची टीपी, वहिनींना दाखवा.

दाजी असे उठले की पानाची तबकडी कलंडली. धावत जाऊन त्यांनी फाटक लावलं आणि दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले.

"नको," ते म्हणाले. "परत न्या."

लोकांना वाटलं राग आलाय. ते आणखी आग्रह करायला लागले. लोहार कुंपणावरून काठी आत सरकवायला लागला. दाजींनी ती दोन्ही हातांनी बाहेर ढकलली. सरसूकाकू तर त्यांच्या घरचीच काठी घेऊन आली होती. म्हणाली, माझी चिरलेली मला बास आहे, ही तुझी तुला. दाजींनी तिलाही हात जोडले.

"सर्जेराव, सांगा ह्यांना," ते माझ्याकडं वळून म्हणाले. त्यांना दम लागला होता. "एक काठी जरी आत आली तरी ते काम परत अपुरं होतं. मग ती जाईल. मला ती पाहिजे, टीपी नको."

हे त्यांनी सगळ्या गावासमोर म्हटलं. लोहारानं काठी परत खांद्यावर घेतली. मग पोस्टमनची आई वळली, तिच्या मागं दुसरी. दोघेचौघे आपल्या काठ्या कुंपणाला टेकवूनच निघून गेले होते. त्या आम्ही दोघांनी उचलल्या. मी दमलो होतो, म्हटलं उद्या देऊ. दाजी म्हणाले, आज. सरसूकाकूला हाताला धरून आणि तिची काठी खांद्यावर घेऊन आम्ही देवळामागं गेलो, ती खुंट्यांवर आडवी ठेवली, मग राहिलेल्या घरांतून फिरलो. प्रत्येक दारात दाजी विचारायचे, हीच ना तुमची, नीट बघून घ्या.

परत आलो तेव्हा दिवे लागले होते. आक्का चुलीपाशी बसली होती. तिनं आमच्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"झालं पुरं?" तिनं विचारलं.

"झालं," दाजी म्हणाले.

"मग हातपाय धुऊन घ्या. भाकरी निवतेय."